एका सुताची फट

१

फेब्रुवारीत मला एक पत्र आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, तर मला त्या पत्राची किळस आली होती. आणि ते पत्र मला आवडलंही होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

मी सरकारी रायफल कारखान्यात चौतीस वर्षं मापं तपासण्याच्या खोलीत काढली. स्वतः एकही गोळी झाडलेली नाही. बाहेर माणसं घाम गाळत, मी आत गार खोलीत बसून त्यांच्या कामात केसभर चूक शोधत असे. नोकरीत असतानाच, मुलगा लहान असताना, कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी एक चौसष्ट पानी पुस्तक लिहिलं. वानर-डुकरांसाठी परवान्याने ठेवलेल्या बंदुकीची निगा कशी राखावी यावर. तीनशे प्रती छापल्या. दोनशे साठ अजून माळ्यावर आहेत. माझी बायको कुमुद होती तोवर ती त्यावर कुंड्या ठेवायची. ती गेल्यावर मी इथे, अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत, मुलाकडे राहायला आलो.

ते पाकीट मुलानेच, धनंजयने, आणून दिलं. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात लोखंडी फाटकं, जिने, रेलिंग बनवण्याचं त्याचं वर्कशॉप आहे. इथे टपाल घरी येत नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्सात येतं. "बाबा, तुमचं फॅन मेल," असं म्हणून त्याने ते माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

पत्र संगणकावर टाइप केलेलं होतं. सही नव्हती.

"आदरणीय साहेब, मी मुसफ्फात टर्नर आहे. तुमचं पुस्तक दोनदा वाचलं. इतकं स्वच्छ कुणी समजावून सांगत नाही. मी स्वतः एक रायफल बनवली आहे. दोन बार उडाले. पण काडतूस पेटीतून वर चढताना नाक अडकवतं, आणि उडाल्यावर रिकामं कवच नळीत घट्ट बसतं, गजाने ठोकून काढावं लागतं. बोल्ट बंद केल्यावर एक सूत फट राहते. माझं काय चुकतंय? उत्तर खालच्या बॉक्स नंबरवर 'टर्नर' या नावाने पाठवा. वाट पाहतो."

नंबर धनंजयच्याच कंपनीचा होता.

दुसरं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मग पुढचं वाचलं आणि तोंडाला लोखंडाची चव आली. काहीतरी बिघडलेलं, बेकायदेशीर, माणसाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर फुटणारं यंत्र. आणि विचारणारा जणू मिक्सर अडकतोय म्हणून विचारत होता. 'तोडून टाका, हात लावू नका,' एवढं एकच वाक्य लिहायचं होतं. मी चार मसुदे केले. चारही फाडले. धनंजयला सांगावं तर वर्कशॉपमधल्या कुणाची तरी नोकरी जाईल. शेवटी ते पत्र पुस्तकात घालून ठेवलं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी, बंद वर्कशॉपमध्ये हमदुल्ला मागच्या बाकाजवळ पडलेला सापडला. पन्नाशीचा पेशावरी चौकीदार; मला लांबून दिसला तरी छातीवर हात ठेवायचा. त्याच्या हातात लाकडी हातोडी होती. बाकाच्या शिकंज्यात घरी बनवलेली एक रायफल आवळलेली होती आणि तिचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी दांडा, जागेवर नव्हता.

बोल्ट कुठे होता ते डॉक्टरांनी सांगितलं. हमदुल्ला तिसऱ्या दिवशी गेला.

२

पोलिसांनी गणूला धरलं.

गणू कुडाळकडचा, वर्कशॉपमधला एकमेव टर्नर. रायफलीच्या नळीपासून बोल्टपर्यंत प्रत्येक तुकडा त्याच्या लेथवर कातलेला होता, आणि ते त्याने नाकारलंही नाही. ग्रीसपंपाचे पार्ट म्हणून त्याला ड्रॉइंग मिळत होती, तो कातत होता, एवढंच त्याचं म्हणणं. ड्रॉइंग कोण देई? ऑफिसच्या खिडकीतल्या ट्रेमधून येत, सगळ्याच कामांची येतात तशी. ती त्याच्याकडे उरली नव्हती. त्या शुक्रवारी दुपारी तो कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत एकटा झोपला होता. त्यात कुणीतरी पोलिसांना सांगितलं होतं की याचा बाप गावाकडे ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचा.

मला गणू आवडायचा. जानेवारीत तो आमच्या स्वयंपाकघरातलं कपाट नीट करायला आला होता. धनंजयने खुर्चीतूनच सांगितलं, वरच्या दाराला एक सूत फट राहतेय, ती काढ. गणूने दार दोनदा लावून पाहिलं, उन्हाळ्यात लाकूड फुगेल म्हणून राहू दे म्हणाला, आणि धनंजय फोनवर बोलत बाहेर गेल्यावर माझ्याकडे वळून हसला.

"सायबांचा सूत खूप बारीक आसा, आजोबानू. हेच्यात पैसो पण जावचो नाय."

मीही हसलो. मुलाला दुरुस्त केलं नाही. ते माझ्या स्वभावात नाही.

गणूला धरल्यावर पाचव्या दिवशी फिझा आली. वकिलाच्या कचेरीत ती दुभाषी आहे. मूळची रत्नागिरीची, त्यामुळे मराठी आपल्यासारखीच. गणूच्या खोलीतल्या माणसांनी तिच्या वकिलाला गाठलं होतं. धनंजय कामावर होता. रुपालीने, माझ्या सुनेने, चहा ठेवला. फिझाने आधी फोनवर एक निरोप ऐकवला. गणूची बायको सगुणा बोलत होती. रडत नव्हती, उलट फार सावकाश बोलत होती, जणू मध्ये समुद्र असल्यामुळे मोठ्याने आणि सुटं बोलावं लागतं. तो कातकाम करणारा माणूस आहे, त्याला मान खाली घालून कातायला येतं, बाकी काही येत नाही, एवढंच पुन्हा पुन्हा.

"काका, केस सिरीयस आहे," फिझा म्हणाली. "शस्त्र बनवलं आणि माणूस गेला. तो म्हणतो, सायबांच्या बाबांनी बंदुकीचं पुस्तक लिहिलंय, त्यांना विचारा. म्हणून आले."

मी उठलो, पुस्तकातून पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी ते दुसऱ्या माणसाला दाखवत होतो.

तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घडी घालून माझ्याकडे परत केलं.

"हे कुणाला दाखवू नका," ती म्हणाली. "मराठी माणूस, टर्नर, सूत म्हणणारा, कंपनीचा बॉक्स नंबर. हे कोर्टात गेलं तर गणू आयुष्यभर बाहेर येणार नाही."

३

म्हणजे उत्तर न देऊन मी हमदुल्लाला मारलं होतं, आणि आता पत्र दाखवून गणूला मारणार होतो. कारखान्यात असतो तर अशा मालावर मी लाल खडूने फुली मारली असती.

फिझाने रायफलीचे फोटो आणले होते. मला बघायचे नव्हते, पण बघितले. कामात ना लाज होती ना माप. नळीचं तोंड आतून खरबरीत, पेटीचे ओठ पकडीने वाकवलेले. काडतूस नाक अडकवणार नाही तर काय. गणूची कात मात्र सुरेख होती. चांगले तुकडे कुणीतरी अडाण्याने जुळवले होते. गोठ्यात चांदीची भांडी दिसावीत तशी मला शिसारी आली.

एका फोटोत पोलिसांनी बोल्ट परत जागेवर बसवून शेजारी मोजपट्टी ठेवली होती. बोल्ट बंद, आणि नळीमागे एक फट. मी भिंग मागवलं. शर्वाणी, माझी नात, आपल्या शाळेच्या कंपासातलं घेऊन आली. "आजोबा, आर यू अ डिटेक्टिव्ह नाऊ?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. तेव्हा ते खरं होतं.

फट एक मिलिमीटर होती.

मी पत्र पुन्हा उघडलं. 'एक सूत फट राहते.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. खरोखर सूतभर फट असती तर घोड्याची पिन काडतुसापर्यंत पोचलीच नसती. एकही बार उडाला नसता. पत्र मात्र म्हणत होतं, दोन उडाले.

मी फिझाला म्हटलं, कदाचित मी चुकत असेन, मी बरेचदा चुकतो. पण पत्र लिहिणाऱ्याने हीच फट डोळ्यांनी पाहिली आणि तिला सूत म्हटलं. ज्या माणसाला एक मिलिमीटर म्हणजे सूत वाटतं, तो टर्नर नाही. त्याने टर्नरांचा शब्द खिडकीतून ऐकला आहे, हातात कधी धरलेला नाही.

"म्हणजे टर्नर असल्याचं सोंग," फिझा म्हणाली. "गणूला अडकवायला?"

तसं मला वाटत नव्हतं. पत्र आलं तेव्हा कुणी मेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला फक्त स्वतःला लपवायचं होतं.

"कुणापासून, काका?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

४

दुसऱ्या दिवशी रुपाली मला आणि फिझाला मुसफ्फाला घेऊन गेली. धनंजय अल ऐनला एका मजऱ्यावर, म्हणजे शेतघरावर, फाटकाची मापं घ्यायला गेला होता. तिथल्या मित्रांकडे तो हिवाळाभर दर शनिवारी जाई. मागच्या बाकाभोवती पोलिसांची पट्टी होती, आणि पलीकडे जमीन धुतली होती तरी ग्रीसमध्ये एक तांबूस कड उरलेली होती. तिच्याजवळच कुणीतरी चहाचा कागदी कप ठेवून गेलं होतं.

मी तिथल्या दोघांना एकच गोष्ट विचारायची ठरवली होती, सूत म्हणजे किती.

स्टोअर सांभाळणारा इद्रीस मलबारी. त्याला सूत विचारल्यावर तो धाग्याची रिळं शोधायला लागला. मराठी त्याला वाचताही येत नव्हतं, म्हणजे पत्र त्याचं नव्हे. पण तो चांगला बोलका निघाला. टपालाची किल्ली कायम त्याच्याकडे असे. फेब्रुवारीत बॉसने ती मागून घेतली आणि महिनाभर स्वतःच रोज बॉक्सावर जात होते, मग एक दिवस किल्ली ट्रेमध्ये फेकली. आणि हमदुल्लाबद्दल तो एकच वाक्य म्हणाला.

"जुम्मा वो कभी नहीं छोड़ता था, चाचा. बॉस का काम हो तो ही."

फिझाने माझ्याकडे पाहिलं. मी इद्रीसच्या पाठीमागच्या बोल्ट-नटांच्या खणांकडे पाहत राहिलो.

ड्रॉइंग काढणारा प्रसन्न आधी चिडला. त्याला वाटलं, आम्ही त्याच्यावर ढकलायला आलोय. ग्रीसपंपाचं एकही ड्रॉइंग त्याने काढलेलं नव्हतं आणि तसं त्याने पोलिसांनाही सांगितलं होतं. मी भीत भीत म्हटलं, एक सूत दाखव. त्याने खिशातून कॅलिपर काढलं, न बघता जबडे उघडले आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"थ्री पॉइंट वन सेव्हन फाइव्ह, काका. सांगलीच्या आयटीआयमध्ये मास्तरने पट्टीने बोटं फोडून शिकवलंय. अजून कोणाकोणाची परीक्षा घेणार?"

आता एकाचीच उरली होती.

परतताना सिग्नलला रुपाली म्हणाली, साइटवर उन्हात होतो म्हणणाऱ्या धनंजयचा शर्ट त्या शुक्रवारी तिने धुतला होता. घामाचा एक डाग नव्हता. बाहेर चाळीस डिग्री होतं. ती हे का सांगतेय, असं मी विचारलं नाही.

५

शनिवारी दुपारी धनंजय घरीच होता. वरण-भात, तळलेली सुरमई. तो दोनदा भात घेऊन, बोटं चाटून जेवला. शर्वाणीला रुपालीने आत टीव्ही लावून दिला.

मी उठून कपाटाजवळ गेलो. "धनंजय, या दाराला फट किती आहे रे?"

त्याने फोनमधून डोकं वर काढलं. "एक सूत असेल. गणूने नीट केलंच नाही ते."

मी खिशातून दिरहमचं नाणं काढलं आणि फटीला लावलं. आत गेलं नाही. सूतभर फटीत ते जाऊन वर जागा उरते. हे मी सांगितलं, आणि त्याच्या पानाशेजारी पत्र ठेवलं.

तो पत्राकडे बघत राहिला. मग पाण्याचा घोट घेतला.

"बाबा, ड्रामा नको. तो ॲक्सिडेंट होता."

मग त्याने सांगितलं, आणि जे मला कळू नये असं वाटत होतं ते सगळं सांगितलं. मजऱ्यावरच्या मित्रांना दाखवायचं होतं. त्यांच्याकडे घोडे होते, ससाणे होते. याच्याकडे सांगायला एवढंच, की माझे वडील रायफली बनवायचे. व्हिडिओ बघून स्वतःच ड्रॉइंग काढली, गणूकडून तुकड्या-तुकड्याने कातून घेतलं, रविवारी जुळवलं. त्या शुक्रवारी काडतूस आत अडकलं. ते उडालेलं आहे असं त्याला वाटलं. मागे उभा राहून बोल्ट ठोकून उघड, असं त्याने हमदुल्लाला सांगितलं. आत काडतूस आहे ते सांगितलं नाही.

"आणि तू कुठे होतास?" रुपालीने विचारलं.

"गाडीत. एसी चालू होता."

तिने तोंडावर पदर धरला, वास आल्यासारखा.

गणूच्या बापाचा धंदा पोलिसांना कुणी सांगितला, हे मी विचारलं. त्यांनी बॅकग्राउंड विचारलं, मी सांगितलं, असं तो म्हणाला. चौतीस वर्षांत मी हजारो तुकडे नापास केले, पण एखाद्या तुकड्याला हात लावायची किळस यावी असं कधी झालं नव्हतं. आणि हा माझ्याच साच्यातून निघाला होता.

"मला का नाही विचारलंस?" मी म्हणालो. "एकाच टेबलावर जेवतो आपण."

"तुम्ही मला कधी काही शिकवलंत? पुस्तक वाचणाऱ्याला शिकवता. म्हटलं, वाचक होऊन बघू." तो हसला, पण ते हसू जागेवर बसलं नाही. "महिनाभर बॉक्सावर जात होतो मी. रोज."

मी पत्राची घडी घातली. म्हणालो, मी फिझाला फोन करणार आहे.

"करा. पण सगळ्यांचे व्हिसे माझ्या व्हिसावर आहेत. तुमचा, हिचा, शर्वाणीचा. मी आत गेलो की खलास. शाळा, घर, सगळं. गणूचं काय, बाबा, चांगला वकील देऊ आपण त्याला."

सगुणाचा तो सावकाश आवाज माझ्या कानात होता. तरी माझा हात फोनकडे जाईना. इतक्या वर्षांची सवय. मसुदा करायचा आणि फाडायचा.

रुपालीने ओट्यावरचा स्वतःचा फोन उचलला आणि माझ्या हातात दिला.

"बाबा, माझ्यावरून करा. तुमच्या फोनमध्ये बॅलन्स नाहीये."

६

पत्र, फोटो आणि सुताचा हिशेब मी फिझाबरोबर जाऊन तपास अधिकाऱ्यासमोर मांडला. तरुण, शांत माणूस. त्याने शिपायाकडून मोजपट्टी मागवून स्वतः मोजलं, तीनदा. मग विचारलं, हा तुमचा मुलगा ना? फिझाने अनुवाद करायच्या आधीच मला प्रश्न समजला होता. इद्रीसने किल्लीचं आणि जुम्म्याचं सांगितलं. धनंजयच्या संगणकात ड्रॉइंग सापडली. त्यानंतर त्याने नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं.

गणू सुटला. गावाला जायच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला. मी दारात उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं आणि विसरलो. तो आत गेला, कपाटाचं वरचं दार उतरवलं, बिजागऱ्या सरकवून पुन्हा बसवलं. पाणी प्यायला. जाताना म्हणाला, "आता बरोबर आसा, आजोबानू." मी त्याचे हात धरले. त्याने ते सोडवून घेतले नाहीत, पण घट्टही केले नाहीत.

खोक्यांत सामान भरलं जातंय. शर्वाणीची शाळा जूनपासून नाशिकला, रुपालीच्या माहेरी. शर्वाणीने मला विचारलं, "इज पप्पा अ बॅड मॅन?" मी म्हणालो, तुझ्या पप्पांनी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. ती म्हणाली, दॅट्स नॉट ॲन आन्सर. बरोबर आहे.

काल मी पाचवा मसुदा केला. तो फाडला नाही.

"चि. धनंजय यास,

तुझं पत्र फेब्रुवारीतच पोचलं. उत्तराला उशीर झाला.

काडतूस नाक अडकवतं आणि कवच निघत नाही, यावर इलाज नाही. असलं यंत्र सुधारायचं नसतं, मोडायचं असतं. हे तेव्हा एका ओळीत लिहिलं असतं तर हमदुल्ला त्या दिवशी नमाजाला गेला असता. तू जे केलंस त्याची मला किळस येते, ती कमी होईल असं वाटत नाही. माझीही येते.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तू नऊ वर्षांचा असताना माझी पट्टी हातात घेऊन विचारलं होतंस. मी त्या पुस्तकाचं लिखाण तपासत होतो. नंतर सांगतो म्हणालो होतो.

बाबा"

आज सकाळी रुपालीने मला पोस्टापर्यंत सोडलं. काउंटरवरच्या बाईने पाकिटावरचा तुरुंगाचा पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय म्हणाली. मी पाकीट परत घेतलं, मागच्या बाजूला माझं नाव, अंबादास, असं लिहिलं, आणि ते तिच्या हातात दिलं. तिने शिक्का मारून पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.